दुखणारा दात आणि खिशातली गोळी

(नंदिनी नगर येथील रेल्वे, टपाल व खाण कामगारांच्या मराठी कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



युनियनचा सचिव बोलायला उभा राहिला की महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त पदे आणि कंत्राटदारी हे विषय येणार असे तुम्ही गृहीत धरता. त्या विषयांवर मी बोलतच असतो आणि पुढेही बोलणार आहे. पण आज मी दातावर बोलणार आहे. हसू नका. ज्याचा दात रात्री दोन वाजता ठणकला आहे तो हसणार नाही, आणि अशी माणसे या सभागृहात निम्म्याहून कमी नसतील असा माझा अंदाज आहे.

मी डॉक्टर नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. वैद्यकातले जे सांगेन ते डॉक्टरांकडून समजून घेऊन, विचारून आणि तपासून सांगेन. बाकी जे सांगेन ते माझ्यावर गुदरलेले आहे. त्यात माझी चूकही आहे, आणि ती कबूल करण्यासाठीच मी हा विषय घेतला आहे.

आधी भीतीचे सांगतो. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वडील गँगमन होते. आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहत होतो. माझी दाढ दुखू लागली तेव्हा आजोबांनी मला आठवडी बाजारात नेले. तिथे झाडाखाली एक माणूस चादर पसरून बसत असे. चादरीवर उपटलेल्या दातांचा ढीग मांडलेला. तीच त्याची पाटी आणि तीच त्याची पदवी. दोघांनी माझे हात धरले, एकाने डोके धरले, आणि त्याने पक्कड घातली. सुई नाही, भूल नाही. पुढचे सांगत नाही. एवढेच सांगतो की त्यानंतर चाळीस वर्षे मी दाताच्या डॉक्टरची पायरी चढलो नाही.

मोर्चात लाठी खाल्ली आहे. मोठ्या साहेबांसमोर टेबलावर हात आपटून बोललो आहे. पण दवाखान्यातल्या त्या खुर्चीचे नाव काढले की तळहाताला घाम यायचा. ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही, कारण पुढाऱ्याने भ्यायचे नसते अशी आपली समजूत. मग मी केले काय? जे तुम्ही करता तेच. मेडिकलमध्ये जाऊन म्हणालो, "भाऊ, दात दुखून राह्यला, काहीतरी जोरदार दे." त्याने दिले. दोन तासांत दुखणे थांबले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. नंतर नंतर सांगावेही लागत नसे. मी दुकानात शिरलो की तो पत्ता कापून काउंटरवर ठेवायचा.

होता होता माझ्या शर्टाच्या खिशात गोळ्यांचा पत्ता कायम राहू लागला. यार्डातली पोरे मला गमतीने "चालते-फिरते मेडिकल" म्हणू लागली. कोणाची पाठ दुखली, कोणाचे डोके दुखले की माझ्याकडे यायचे. मला त्याचा अभिमानही वाटायचा. सचिव म्हणजे प्रत्येकाच्या उपयोगी पडणारा माणूस, नाही का?

२०१७ सालच्या पावसाळ्यात माझा एक सहकारी, ट्रॅकवर काम करणारा, माझ्याकडे आला. खालची दाढ दुखत होती. तोही माझ्यासारखाच भित्रा. "सचिव साहेब, दवाखान्यात नाही जात मी. तो दात उपटते अन् डोळा जाते," असे म्हणाला. मी त्याला माझ्याजवळच्या दुखीच्या गोळ्या दिल्या. आमच्या घरी कोणाच्या तरी आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल उरल्या होत्या, त्याही दिल्या. "सकाळ-संध्याकाळ घे, दोन दिवसांत मोकळा होशील," असे सांगितले. खरोखरच दोन दिवसांत त्याचे दुखणे थांबले. त्याने मला चहा पाजला.

पाचव्या दिवशी त्याच्या जबड्याखाली सूज आली. पाऊस चालू, माणसे कमी, तो ड्यूटीवर गेला. सहाव्या दिवशी संध्याकाळी त्याला थुंकी गिळता येईना, बोलणे घोगरे झाले, जीभ वर उचलल्यासारखी दिसू लागली. आम्ही त्याला गाडीत घालून नेले. आडवे केले की श्वास कोंडायचा, म्हणून मी त्याला बसवून धरले होते. डॉक्टरांनी त्याच रात्री गळ्याला भोक पाडून नळी घातली, म्हणून तो श्वास घेऊ शकला. तिथे रक्त तपासल्यावर कळले की त्याला मधुमेह आहे. ते त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते. अकरा दिवस तो अतिदक्षता विभागात होता. त्याची बायको बाकावर बसून होती. तिने मला विचारले, "भाऊजी, दाताने माणूस मरते का हो?" मला उत्तर देता आले नाही. गोळ्या माझ्या होत्या हे तिला तेव्हा माहीत नव्हते. मी नंतर सांगितले.

तो वाचला. आज तो याच सभागृहात बसला आहे. माझे नाव सांगू नका, पण गोष्ट सांगा, असे त्यानेच मला बजावले आहे. गळ्यावरची खूण तो कॉलरने झाकत नाही.

आता त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर देतो. होय, दाताने माणूस मरू शकतो. जबड्याखालच्या जागेत पसरणाऱ्या अशा सुजेचे वर्णन जर्मनीतील लुडविग नावाच्या डॉक्टरने १८३६ साली केले आणि त्याच्याच नावाने तो आजार आजही ओळखला जातो. त्याची सुरुवात बहुतेक वेळा खालच्या दाढेपासून होते.

हे घडते कसे ते समजून घेऊ. तुम्ही नंदिनीची माणसे आहात, तुम्हाला समजायला सोपे आहे. इथला चुनखडक भिलाईच्या भट्टीसाठी जातो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलाद म्हटले की लोक लोखंडाचे नाव घेतात, पण तुमच्या चुनखडकाशिवाय त्या लोखंडातली घाण निघत नाही. या चुनखडकावर आम्ल टाकले की तो फसफसतो आणि विरघळतो, हे तुमच्यातल्या अनेकांनी पाहिले आहे. दाताचेही तसेच समजा. दाताचे वरचे कवच हा शरीरातला सर्वांत कठीण भाग. तेही चुन्याच्याच जातीचे, कॅल्शियमचे. आपण गोड खातो, गोड चहा पितो, तेव्हा तोंडातले जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल कवच विरघळवते. रेल्वेवाल्यांनी रुळाच्या आतला दोष आठवावा. वरून रूळ चकचकीत असतो आणि आत चीर वाढत असते. म्हणून तर आपण अल्ट्रासोनिक यंत्राने रूळ तपासतो.

कवचाच्या आत दाताचा मऊ गाभा असतो, ज्याला आपण नस म्हणतो. जंतू तिथवर पोहोचले की ती सुजते. बाहेरून कठीण भिंत असल्याने सुजेला पसरायला जागा नाही. म्हणून दाताचे दुखणे इतके भयंकर. मग एक दिवस ती नस मरते आणि दुखणे आपोआप थांबते. माणूस म्हणतो, बरा झालो. गोळी लागू पडली. प्रत्यक्षात जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरलेले असतात आणि तिथे पू होऊ लागतो. माझ्या सहकाऱ्याने मला चहा पाजला तो या मधल्या दिवसांत.

दुखणे हा सिग्नल आहे. लाल सिग्नल ओलांडून गाडी गेली की काय होते हे रेल्वे कामगाराला सांगावे लागत नाही. ड्रायव्हर बाजूला होतो, चौकशी बसते. आणि आपण स्वतःच्या शरीराचा लाल सिग्नल गोळीच्या कागदाने झाकून पुढे जातो. टपालातल्या बंधूंना त्यांच्या भाषेत सांगतो. दात तुम्हाला रजिस्टर पत्र पाठवतो आणि तुम्ही त्यावर "घेण्यास नकार" असा शेरा मारून ते परत करता. पण म्हणून पत्रातली बाब काही मिटत नाही.

आता आपल्या घरगुती औषधांकडे पाहू. सगळीच टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. लवंगेत युजेनॉल नावाचे द्रव्य असते. त्याने नस थोडी बधिर होते, आणि दाताचे डॉक्टरही तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते वापरतात. पण लवंगेचे तेल निर्भेळ, कापसाचा बोळा भिजवून हिरडीवर तासन् तास ठेवले तर हिरडी पोळते. डोकेदुखीची ॲस्पिरिनची गोळी दुखऱ्या दाताशेजारी गालात दाबून ठेवणारे पुष्कळ आहेत. ते तर आम्लच. गालाची आतली कातडी पांढरी पडून सोलून निघते. एका दुखण्याची दोन दुखणी होतात. देशी दारूची गुळणी करणारे शेवटी ती गिळतात हे मी सांगायला नको. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या मात्र निर्धोक आहेत. त्याने स्वच्छता होते, बरे वाटते, पण दात बरा होत नाही.

आणि तंबाखू. आपल्या घरी मिसरी, इथे छत्तीसगडात गुडाखू. नागपूर-भंडाऱ्याकडून आलेल्या आपल्या आयाबहिणींनी मिसरी सोडली आणि गुडाखू धरली, एवढाच काय तो फरक. दात दुखतो म्हणून बोटाने लावायला सुरुवात होते, दुखणे जाते आणि गुडाखू राहते. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. तरी तंबाखू म्हणून विकली जाणारी वस्तू दात घासायला वापरली जातेच. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हिरडीतून रक्त येणे कमी होते आणि माणसाला वाटते हिरडी मजबूत झाली. आतून ती सडत असते. शिवाय तोंडाचा कर्करोग. तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत भरून आला नाही तर दुखो वा न दुखो, दाखवलाच पाहिजे.

दाताची कीड काढणारे अजूनही बाजारात बसतात. धुरी देतात आणि पाण्यात पडलेल्या अळ्या दाखवतात. बंधूंनो, दातात अशी डोळ्यांना दिसणारी अळी नसते. दात किडवणारे जंतू सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. तुम्ही पाहता ती हातचलाखी असते.

दात उपटला की डोळा जातो, ही दुसरी समजूत. वरच्या दाताची तर लोक फारच धास्ती घेतात. दाताच्या संवेदनेची नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. डॉक्टरने दात काढल्याने नजर जात नाही. उलट वरच्या दाढेचा पू तसाच पसरू दिला तर डोळ्यापर्यंत सूज जाऊ शकते. म्हणजे ज्या भीतीने आपण जात नाही, ते संकट न गेल्यानेच ओढवते.

आता गोळ्यांचा हिशेब. मेडिकलमध्ये किंवा गल्लीतल्या झोलाछापाकडे एक खुराक म्हणून जी पुडी मिळते, तिच्यात चार रंगांच्या गोळ्या असतात. नाव नाही, मुदत नाही. एक दुखीची, एक आम्लपित्ताची, एक अँटिबायोटिक, आणि कधी कधी स्टेरॉइडची बारीक गोळी. स्टेरॉइडने सूज झटकन ओसरल्यासारखी दिसते, पण जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते आणि साखर वाढते. मधुमेही माणसाला तर तो विषाचाच प्रकार.

दुखीच्या जोरदार गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेन यांच्या जातीच्या, वारंवार आणि रिकाम्या पोटी घेतल्या तर पोटात व्रण होतो, रक्त जाते, शौच डांबरासारखी काळी होते. मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, पोटातला व्रण, दमा असलेल्यांनी, रक्त पातळ होण्याचे औषध घेणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. कडक उन्हात, घाम गाळत, पाणी कमी पीत काम करणाऱ्या ट्रॅकवरच्या माणसाच्या मूत्रपिंडावर तर आधीच ताण असतो.

पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित. पण त्यालाही मर्यादा आहे. धडधाकट प्रौढ माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या २४ तासांत आठपेक्षा जास्त कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत, आणि दोन वेळांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवावे. रोज दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असणाऱ्याने त्याहूनही कमी, आणि विचारूनच. लक्षात ठेवा, सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, दुखीच्या जोडगोळीतही असते. नावे वेगळी, माल तोच. माणूस नकळत दुप्पट घेतो.

रनिंग स्टाफच्या बंधूंना खास सांगणे. काही तीव्र वेदनाशामक आणि झोपेच्या जातीच्या गोळ्यांनी गुंगी येते. ट्रामाडॉल हे त्यातले एक नाव. रात्रीची गाडी, हातात हँडल आणि पोटात अशी गोळी, ही गोष्ट एकट्याच्या दातापुरती राहत नाही. मागे बसलेल्या हजार प्रवाशांचीही होते. पॉइंट्समन आणि गेटमन यांनाही हेच लागू आहे. औषध घेतले असेल तर डॉक्टरांना आपली ड्यूटी सांगा आणि औषधाची गोष्ट सुपरवायझरपासून लपवू नका.

राहिले अँटिबायोटिक. ज्या पत्त्यावर उभी लाल रेघ असते ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, हे केंद्र सरकारने २०१६ सालापासून मोहीम काढून सांगितले आहे. सुजलेल्या नसेच्या दुखण्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने २०१९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांतही हेच आहे की दातावर उपचार मिळत असेल तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकची गरज नाही. ताप आला, सूज पसरली तर गरज असते, पण तेव्हाही ते दाताच्या उपचाराची जागा घेत नाही. मेलेल्या नसेत रक्त जात नाही, मग रक्तातून जाणारे औषध तिथे पोहोचणार कसे? माझ्या त्या चार कॅप्सूलनी काय केले, हे आता मला कळते. रोग दबवला, मिटवला नाही. चार दिवस वाया घालवले.

हे सगळे ऐकून तुम्ही म्हणाल, सचिव साहेब, कळते पण वळत नाही. भीतीचे काय? बरोबर आहे. भीतीला भेकडपणा म्हणून भागत नाही. दाताची भीती हा जगभरचा विषय आहे. नॉर्मन कोरा नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६९ साली ती मोजण्यासाठी चार प्रश्नांची एक साधी पट्टी तयार केली. म्हणजे डॉक्टर मंडळीही या भीतीला खरी मानतात, तिची नोंद घेतात.

आणि भूल देण्याची विद्या जगाला कोणी दिली? दाताच्याच डॉक्टरांनी. अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर १८४४ मध्ये हसवणाऱ्या वायूची भूल घेऊन आधी स्वतःचा दात काढवून घेतला. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बोस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल सर्वांसमक्ष दिली. आज जे इंजेक्शन देतात ते लिग्नोकेन स्वीडनच्या लॉफग्रेन या रसायनशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये तयार केले. ज्या माणसांनी वेदना संपवण्यासाठी आयुष्य घातले, त्यांच्या दारात जायला आपण घाबरतो आणि झाडाखालच्या पकडीची आठवण धरून बसतो.

इथे एक गोष्ट मला डॉक्टरबाईंनी सांगितली, ती मी कधी विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "लोक म्हणतात सुई देऊनही दुखले. कधी कधी ते खरे असते. जिथे पू आणि सूज भरपूर असते, तिथले मांस आम्लधर्मी झालेले असते, आणि त्यात भुलीचे औषध नीट काम करत नाही." म्हणजे पाहा. भितो म्हणून उशिरा जातो. उशिरा गेल्यामुळे भूल नीट चढत नाही. भूल चढली नाही म्हणून दुखते. दुखते म्हणून पुढच्या वेळी आणखी भितो, आणि मधल्या काळात गोळ्या खातो. हे चक्र तोडायची जागा एकच आहे, दुखणे लहान असताना जाणे. लहान खड्डा असेल तर भरून काम भागते. नस सुजली तर रूट कॅनाल करून दात वाचतो. त्याहून पुढे गेले की काढावाच लागतो.

मी स्वतः गेलो तो माझ्या सहकाऱ्याला घरी सोडल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात. बायको सोबत होती. दारातून एकदा परत फिरलो. ती म्हणाली, "अहो, त्याच्या गळ्याला भोक पाडलं, तुम्हाला नुसतं तोंड उघडायचं आहे." आत गेल्यावर मी डॉक्टरबाईंना पहिलेच वाक्य सांगितले की मला फार भीती वाटते. मला वाटले त्या हसतील. त्या म्हणाल्या, "बरे झाले सांगितलेत. आज मी फक्त पाहीन, काही करणार नाही." त्यांनी मला सांगून ठेवले की मध्येच थांबावेसे वाटले तर डावा हात वर करा, मी थांबेन. आपल्या रेल्वेचा हँडसिग्नलच तो! दुसऱ्या खेपेला मी दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा त्या थांबल्या. आधी हिरडीवर बधिर करणारा मलम, मग हळूहळू सुई. दाबल्यासारखे वाटले, खेचल्यासारखे वाटले, पण दुखले नाही. चाळीस वर्षे मी ज्याला घाबरलो ते अर्ध्या तासात झाले. बाहेर येऊन मी बाकावर बसलो आणि मला रडू आले. दाताचे नव्हते ते. त्या अकरा दिवसांचे होते.

म्हणून भिणाऱ्यांना माझे सांगणे असे. भीती आधी बोलून दाखवा. सकाळची वेळ घ्या, म्हणजे दिवसभर धास्ती घेऊन बसावे लागत नाही. डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितले नसेल तर खाऊन जा. रिकाम्या पोटी चक्कर येते. घरचे कोणी सोबत न्या. पहिल्या खेपेला फक्त दाखवायला जा. हात वर करण्याची खूण ठरवा. आपले आजार, आपली औषधे, आधी घेतलेल्या गोळ्या, काहीही लपवू नका.

आणि काही लक्षणे अशी आहेत की त्यात सकाळची वाट पाहायची नाही. गाल, डोळा किंवा जबड्याखाली वाढती सूज, ताप, तोंड उघडता न येणे, गिळता न येणे, आवाज बदलणे, श्वासाला त्रास. यातले काही दिसले तर रात्र असो, ड्यूटी असो, सरळ मोठ्या दवाखान्यात. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. खालचा जबडा दुखतो, सोबत छातीत दडपण येते, घाम फुटतो, तेव्हा तो दात नसतो, हृदयविकार असू शकतो. तिथे लवंग चघळत बसू नका.

बंधूंनो, दात हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न, युनियनचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. इतिहास वेगळे सांगतो. १८८८ साली लंडनमधल्या काडेपेटी कारखान्यातल्या मुली आणि बायका संपावर गेल्या. त्या कारखान्यात पांढरा फॉस्फरस वापरत. किडलेल्या दाताच्या वाटेने त्याचे विष जबड्यात शिरून हाड सडत असे. त्या कामगारांचे दातदुखणे हे कारखान्याचे दुखणे होते. पुढे १९०६ च्या बर्न करारात पांढऱ्या फॉस्फरसवर बंदीचे ठरले आणि आपल्या देशातही १९१३ साली तसा कायदा झाला. म्हणजे दाताचा प्रश्न कामगार चळवळीला नवीन नाही.

आणि लांब कशाला जायचे? इथून दक्षिणेला दल्ली राजहरा आहे. भिलाईला लोहखनिज तिथून येत आले आणि चुनखडक तुमच्याकडून. तिथल्या खाण कामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली, आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभे केले. ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले. नियोगींची भिलाईत २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली, पण हॉस्पिटल चालू राहिले. त्या हॉस्पिटलाने एक शिकवण दिली, की गरज नसलेले औषध, गरज नसलेले इंजेक्शन देणे हीसुद्धा गरिबाची लूटच आहे. त्यांचे राजकारण कोणाला पटो वा न पटो, ही शिकवण आपण घ्यायला हरकत नाही.

म्हणून युनियनच्या वतीने आम्ही पुढील गोष्टींचा पाठपुरावा करणार आहोत. यार्ड आणि लहान स्टेशनांवरच्या आरोग्य केंद्रांत ठरलेल्या दिवशी दाताचे डॉक्टर यावेत. पी.एम.ई.च्या वेळी डोळे बारकाईने तपासतात, तसे तोंडही तपासावे. दाताच्या उपचाराला जाणाऱ्याला सुटीसाठी हात जोडावे लागू नयेत. कंत्राटी कामगार आणि ग्रामीण डाक सेवक यांचेही दात दुखतात, त्यांनाही हक्काचा उपचार मिळावा. आणि सोय मिळाली तर आपण तिचा उपयोग केला पाहिजे. खुर्ची आली आणि तिच्यावर बसायला कोणी नाही, असे झाले तर साहेबांना बोलायला तोंड राहणार नाही.

शेवटची गोष्ट. माझ्या शर्टाच्या खिशात आता गोळ्यांचा पत्ता नसतो. एक छोटी वही असते. कोणी दात दुखतो म्हणून आला की मी त्याचे नाव आणि तारीख लिहितो, आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जातो. बाहेर बसतो. भीती वाटत असेल तर हातही धरतो. गेल्या वर्षांत मी अनेकांचे हात धरले आहेत, त्यात रांगडे ट्रॅकमन आहेत, टपालातले निवृत्तीला टेकलेले बाबू आहेत. कोणालाही हसलो नाही.

उद्या सकाळी तुमच्यातल्या ज्याचा दात आज रात्री दुखेल त्याने मला निरोप द्यावा. गोळी मिळणार नाही. सोबत मिळेल.

जय कामगार!